काल काय आडवं आलं?

वार्दोच्या बंदरात नोव्हेंबर संपता संपता सूर्य रजेवर जातो,
तो जानेवारी निम्मा सरल्यावर परततो.
मासा मात्र येतच राहतो.

सकाळी सहाला, म्हणजे मिट्ट काळोखात,
गुनव्होर आम्हां अकरा जणांना पट्ट्यापाशी उभं करायची.
खुर्ची नाही. कॉफी नंतर.
आधीच्या साहेबानं भिंतीवर एक गरुड लावला होता,
पंखांखाली ठळक अक्षरांत : ध्येय.
तिनं तो उतरवला, उलटा करून पुन्हा टांगला,
आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं तीन रकाने आखले :

काल काय आडवं आलं?
कोण बघणार?
कधीपर्यंत?

पहिले चार दिवस कुणी तोंड उघडलं नाही.
बावीस वर्षं कॉड सोलतोय मी,
पाच साहेब पाहिलेत,
गोडबोले, ओरडणारे, एक तर शिट्टी फुंकायचा.
प्रश्नाला कुठे पैसे पडतात, म्हटलं, विचारू दे.

पाचव्या दिवशी यादविगा म्हणाली,
मी उभी राहते ती फळी बुटकी आहे,
दिवसभर माझे खांदे कानाशी असतात.
गुनव्होरनं लिहिलं. पुढे स्वतःचं नाव. पुढे : गुरुवार.
गुरुवारी फळी आली नाही.
तिनं तो शब्द खोडला नाही, खाली बारीक अक्षरांत लिहिलं :
सुताराला फोन करायला मी विसरले. शुक्रवार.
शुक्रवारी फळी आली, चार बोटं जाड.
यादविगा तिच्यावर चढली
आणि पहिल्यांदाच मला दिसलं की तिला मान आहे.

मग सगळेच बोलू लागले.
त्सेगाय म्हणाला, धारवाला फक्त सोमवारी येतो,
बुधवारपासून आम्ही मासा कापत नाही, फाडतो.
मारेत म्हणाली, गटार तुंबतं आणि तुम्ही आम्हाला हळू म्हणता.
मी गप्प. मला कशाचीच सवय लावून घ्यायची नव्हती.

तिची आणखी एक खोड.
मोघम शाबासकी द्यायची नाही.
"तिसऱ्या पेटीतला काटा तुझ्या नजरेतून सुटला नाही, ओडव्हार,"
असं म्हणायची, तेही सगळ्यांदेखत.
चूक दाखवायची तर बर्फाच्या कोठीत न्यायची;
तिथे कुणालाच दोन मिनिटांवर रागावता येत नाही.

मार्चमध्ये ट्रॉम्सोहून मोठ्या साहेबाचा फोन :
आकडे चढलेत, कोणती नवी प्रणाली बसवलीत?
ती म्हणाली, धार लावायचा दगड. आणि एक फळी.
पलीकडे बराच वेळ कुणी काही लिहून घेत असल्याचा आवाज.

आणि मग त्याच महिन्यातला तो मंगळवार.
वादळ, जनरेटर बंद, दोन टन माल मऊ पडला,
आणि गुनव्होर त्सेगायवर ओरडली.
पट्ट्यापाशी. कोठीत नाही.
तो दार उघडं टाकून गेला म्हणाली.
दार बंदच होतं, तापमानाचा काटा अडकला होता,
हे संध्याकाळी कळलं. तोवर तो घरी गेला होता.

बुधवारी सहाला आम्ही उभे होतो.
ती कागदासमोर, पाठमोरी.
पेन्सिल हातात, पण प्रश्न काही येईना.
यादविगानं माझ्याकडे पाहिलं. का माझ्याकडे, देव जाणे.

"गुनव्होर," मी म्हणालो,
आवाज मलाच अनोळखी वाटला,
"काल काय आडवं आलं?"

पहिल्या रकान्यात तिनं लिहिलं : मी.
दुसऱ्यात : मी.
तिसऱ्यापाशी थांबली, वळली,
आणि जे काही त्सेगायला म्हणाली
ते तिनं आम्हां सगळ्यांना ऐकू येईल असं म्हटलं.
नॉर्वेजियन त्याला अजून अर्धीमुर्धीच येते,
म्हणून दोनदा.

त्यानं मान डोलावली नाही.
अंगठ्यावर सुरीची धार पाहिली,
माझ्याकडे दगड सरकवला,
आणि पट्ट्याचं बटण दाबलं.
बाहेर उजाडलं असणार.
आमच्या शेडला खिडकी नाही.
हे मी उद्या सांगणार आहे.